मेंढरू हरवलेल्या बाबाची कॅसेट

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते भुईमुगाच्या शेंगा फोडायचं. चटणीसाठी. ओट्यावर मधे सूप, एका बाजूला ती, एका बाजूला मी, आणि खांबाजवळच्या स्टुलावर टेप चालू. टेपमधे एक बाबा गात होता. गात होता म्हणजे नुसता आऽऽ करत होता. मधेच एखादा शब्द तोंडातून निसटायचा, तो लगेच ओढून परत आत घ्यायचा आणि पुन्हा आऽऽ.

निम्मं सूप फोडून झालं तरी त्याची गाडी पुढं सरकेना. मी म्हणालो, "ह्यो माणूस सुरू कवा करनार?"

ती शेंग फोडता फोडता म्हणाली, "सुरू झालाय की. मेंढरू हरवलंय त्याचं. हाका मारतोय."

मी कान देऊन ऐकलं तर खरंच तसंच. आधी बांधावर उभा राहून बारीक हाक. मग टेकाडावर चढून लांबची. मग ओढ्यात उतरून घुमणारी. आमचं दोघांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलंय, शेती नंतरची. हरवलेल्या मेंढराला कुणी शब्दांनी बोलवत नाही. शब्द त्याला काय कळणार? आवाजच ताणायचा असतो, म्हणजे जिथं असेल तिथं त्याचे कान उभे राहतात.

"मग सापडलं का?" मी विचारलं.

"अवो, आत्ताशी तर हरवलंय. दुसऱ्या बाजूला सापडंल."

तेवढ्यात कॅसेटची बाजू संपली, खट् झालं, आणि त्याच दमात लाईट गेली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उद्या उलटी करू. अन् तुमच्या म्होरचं दाणं कुठं गेलं? निम्मं खाल्लंच का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळवाला पाणी देताना तिच्या छातीत कळ आली. शाळू म्हणजे आमच्याकडची थंडीतली ज्वारी. शेजाऱ्याच्या जीपमधून तिला बारामतीला नेलं. संध्याकाळी त्याच जीपमधून परत आणलं. त्याबद्दल मी एवढंच लिहिणार. बाकीचं सगळं कॅसेटींबद्दल आहे, कारण ती कॅसेट टेपमधे तशीच राहिली, उलटी न केलेली, आणि त्या बाबाचं मेंढरू सापडलं का नाही ते राहिलंच.

मी चौथी शिकलेला माणूस. माझं अक्षर मेंढराच्या लेंड्या पडाव्यात तसं पडतं. तरी लिहितो, कारण हे सांगायला घेतलं की लोक तोंड पाडून बसतात आणि मला हसणारं माणूस पाहिजे असतं.

कॅसेटींचं खोकं आलं ते तिच्या भावाकडून. माझा मेव्हणा. निमगाव केतकीला त्याचा मंडपाचा आणि स्पीकरचा धंदा. नव्वदच्या पुढची ती सालं, कॅसेटींचा नुसता पूर होता. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या कॅसेटी तर चालत्या ट्रॅक्टरपेक्षा मोठ्यानं वाजायच्या. मेव्हण्याला कुठूनही कॅसेटी मिळायच्या. बारामतीच्या स्टँडजवळ एक भरून देणारा होता, कोरी रीळ न्यायची, तो पाहिजे ते भरून द्यायचा. आणि एका प्राध्यापकानं घर बदलताना पोतंभर कॅसेटी ह्याला अशाच दिल्या. ह्याला वाटलं, लग्नात चालतील. त्यातली एक ह्यानं हळदीला लावली, तर नवरीच्या मामानं वायर उपटली. मग ते पोतं, जुन्या घासलेल्या कॅसेटी आणि एक म्हातारा टेप, असं सगळं एका चहाच्या खोक्यात घालून त्यानं बहिणीच्या दारात आणून टाकलं.

"आक्का, ऐका निवांत. वाजली तर वाजली, न्हाय तर दाजींच्या शाळवाला हुईल."

शाळवाला म्हणजे काय, तर आमच्याकडं कॅसेटची फीत काढून रानात ताणतात. कडेला काठ्या रोवायच्या आणि ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत फीत ओढायची. उन्हात चकाकते, वारा सुटला की गुंगुं करते, आणि दाण्याला टपलेली पाखरं भिऊन लांब राहतात. पूर्वी मी गोफण फिरवायचो. पण माझा उजवा खांदा आता वर जात नाही. भिंतीवरचा सदरा काढायचा तर मी भिंतीला शिव्या देतो, तिथं गोफण कसली फिरवतोय.

घासून घासून कॅसेटींवरची नावं पार गेलेली. कव्हरं अदलाबदल झालेली. देवाच्या कव्हरात भलतंच कायतरी, भलत्याच्या कव्हरात देव. त्यामुळं कोण गातंय, कुठल्या भाषेत गातंय, काही कळायची सोय नाही. मी म्हणालो, "सगळ्याच ओढू रानात. ऐकायचं काय त्यात?"

ती म्हणाली, "न ऐकता कुणाला फासावर देता व्हय?"

मग तिनं कायदा केला. तिचा बाप ओव्या म्हणायचा, आमच्या लोकांत देवाच्या ओव्या म्हणतात तसल्या. एकदा मांडल्या की कथा पुरी झाल्याशिवाय तो उठायचा नाही आणि ऐकणाऱ्यालाही उठू द्यायचा नाही. लघवीला गेलेला माणूस आला नाही तर माणूस पाठवून बोलवून आणायचा. तोच कायदा तिनं कॅसेटींना लावला. लावली की दोन्ही बाजू ऐकायच्या. मधे उठायचं नाही. मग निकाल. निकाल दोनच. चांगली असेल तर "पेटीत", म्हणजे तिच्या लग्नातल्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायची. नाहीतर "शाळवात".

पहिलीच निघाली ती इंग्रजी. सुरुवातीलाच असा आवाज आला की गिरणीत कुणी जोंधळ्याबरोबर दगड ओतले. मग एक माणूस ओरडायला लागला. कुत्रं खाटेखाली गेलं. मी उठणार, तर तिनं माझ्या धोतराचा सोगा धरला.

"बसा. त्याचं पोट दुखतंय."

"कशावरनं?"

"पोटातनं वरडतोय बघा. घशातनं न्हाय."

पहिली बाजू पोट दुखण्यातच गेली. दुसऱ्या बाजूलाही तेच. मी मनातल्या मनात ती कॅसेट कुठल्या बांधाला बांधायची ते ठरवून टाकलं. आणि अगदी शेवटाला तोच माणूस एकदम हळू आवाजात, लेकराला झोपवावं तसं गायला लागला. मागं एकच तार वाजत होती. कुत्रंसुद्धा बाहेर आलं.

ती म्हणाली, "ओव्याचं पानी दिलं कुनीतरी."

"पेटीत?"

"पेटीत. आजारी मानसाला रानात बांधायचं का?"

तेव्हापासून दुसऱ्या बाजूवर तिचा फार विश्वास बसला. कुठलीही रटाळ कॅसेट लावली आणि मी जांभई दिली की ती म्हणायची, "थांबा, दुसरी बाजू हाय."

एकदा निघाली वाजंत्र्याची. वाजंत्री म्हणजे आपली नाही, परदेशातली. शंभर माणसं एकदम सारंगीसारखं कायतरी घासतायत असा आवाज. आम्ही दोघं हात जोडल्यासारखे बसलो, कारण एवढी माणसं वाजवतायत म्हणजे गाणारा कुणीतरी फार मोठा असणार. वाट बघतोय. वाजंत्री हळू झाली की ती म्हणायची, "आता बघा, येतोय." मग एकदम ढोल, पितळी भोंगे. "आला, आला!" मी पाठ ताठ केली. पण छे. परत आपलं घासणं सुरू. असं किती वेळा झालं. पहिली बाजू संपली, गाणारा नाही. उलटी केली. म्हटलं, लांबून येत असेल, दौंडची रेल्वे चुकली असेल. दुसऱ्या बाजूला तर त्या लोकांनी अशी धावपळ केली की जणू मांडवात नवरदेव नाही आणि अक्षता वाटून झाल्यात. शेवटी सगळ्यांनी मिळून धाडधाड आपटलं आणि बंद.

मी म्हणालो, "गानारा आलाच न्हाय की. शाळवात."

ती म्हणाली, "तेच्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोस? गानारा न्हाय आला तरी शेवटपतोर निभावलं. पेटीत."

मेव्हण्याला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "दाजी, त्यात गानारा नसतोच." आम्हा दोघांनाही ते पटलं नाही. एवढं करून गाणारा बोलवायचाच नाही, असं कोण करेल?

एक होती हिंदी-उर्दूतली. पेटी, तबला, आणि एक माणूस रडवेल्या आवाजात चंद्राची तक्रार करतोय. चंद्र उगवला तरी त्रास, नाही उगवला तरी त्रास. प्याला भरा म्हणे, प्याला रिकामा म्हणे. आणि त्याच्या प्रत्येक ओळीला समोरची माणसं "वाहवा, वाहवा" करतायत. मी म्हणालो, "ह्याला कामधंदा न्हाय." तिला गाणं नाही आवडलं, पण ती वाहवावाली माणसं फार आवडली. ती म्हणाली, "तेवढी वाहवावाली पेटीत ठेवता येत न्हाईत का?" नाही येत म्हटल्यावर निकाल शाळवात लागला. पण सांगतो, रानात ओढल्यावर त्या फितीनं जेवढं काम केलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच फितीनं केलं नाही. त्या पट्ट्यात राघू यायचाच नाही. आलाच तर बांधावरच्या बाभळीवर मान घालून बसायचा. त्यालाही बहुतेक चंद्राचा त्रास व्हायला लागला असावा.

पुढं काही दिवस मात्र तिला त्या वाहवाची सवय लागली. मी भाकरीचा घास घेतला आणि नुसतं "हं" म्हणालो तर ती म्हणायची, "वाहवा म्हना की. तोंड झिजतंय का?" मग मी पिठल्याला वाहवा, कालवणाला वाहवा. एकदा बाजारच्या दिवशी निमगावला भेळ खाताना माझ्या तोंडून मोठ्यानं वाहवा गेलं, तर भेळवाल्यानं मला वर मूठभर फरसाण घातलं.

लावणीची कॅसेट निघाली तेव्हा ती डाळ निवडत होती. ढोलकी सुरू झाली. मी गपचिप बसलो होतो, देवाशपथ. ती डाळीकडं न बघता माझ्याकडं बघत होती.

"पाय हलतोय तुमचा."

"मुंग्या आल्यात."

"दोन्ही पायाला?"

"बसून बसून येत्यात."

"मग उठा की."

"मधे उठायचं न्हाय, तुझाच कायदा हाय."

दोन्ही बाजू मी कायद्यानं ऐकल्या. दुसरी बाजू संपून खट् व्हायच्या आत तिनं निकाल दिला, "शाळवात!" मी मान्य केलं. ती फीत मी विहिरीजवळच्या पट्ट्यात ओढली. त्या आठवड्यात मी मोटरीचं काही ना काही काम काढून विहिरीवर जास्त बसलो, तर ती भाकरी घेऊन आली, वर फितीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "हितं बी मुंग्या येत्यात व्हय?"

एक होती लांब सनईची, मद्रासकडची असावी. ती लावली की आमचं मेंढरामागचं म्हातारं कुत्रं मान वर करून गायला लागायचं. पहिल्यांदा हाकललं. परत आलं. शेवटी ती म्हणाली, "बसू द्या, तेचं गाववालं हाय कुनीतरी." त्या कॅसेटचा निकाल कुत्र्यानं दिला असं म्हणायला हरकत नाही. पेटीत.

असं खोकं रिकामं होत गेलं. आणि तळाला राहिलेली शेवटची ती, मेंढरू हरवलेल्या बाबाची.

ती गेल्यावर घरात टेप लावायचा प्रश्नच नव्हता. दुखवट्याच्या घरात कोण गाणं लावतं? मी टेपवर तिचंच एक फडकं टाकलं. लोकांना वाटलं, रीत पाळतोय. रीत होती ती तेरा दिवस होती. नंतरचं माझं मला माहीत. ते फडकं उचललं, कॅसेट उलटी केली, की खोकं संपलं. मग तिच्यासंगं करायचं काहीच राहत नव्हतं. उलटी केली नाही तोवर ते उद्याचं काम होतं.

पण शाळवाला हे कोण सांगणार? तो आपल्या वेळेनं पोटरीत आला, निसवून कणसं बाहेर पडली, दाणा दुधात आला. आणि राघू आले. त्याआधी चिमण्या आल्या होत्याच. मागच्या सालच्या फिती उन्हानं कडक होऊन तुटून गेलेल्या. दुखवट्याला आलेली सून माझ्याजवळच राहिली होती. म्हणायची, "मामा, कणसं निम्मी झाली." मुलगा बारामतीला कारखान्यात शिफ्टला, त्याला रानात यायला सवड नाही. सून डबा वाजवून यायची. राघू डब्याला ओळखायला लागले. डबा वाजला की या काठावरून त्या काठावर, एवढंच.

मग एक दिवस मेव्हणा आला. येताना टेपचे नवे सेल घेऊन आला. चहा झाल्यावर म्हणाला, "दाजी, राघवांनी पार जेवनावळ घातलीय तुमच्या रानात."

"जेवू द्या."

"फीत का ओढली न्हाय?"

"जुन्या गेल्या."

"पेटीत हायत की."

"त्या पेटीतल्या हायत."

आक्काचा निकाल त्यालाही मोडवेना. मग स्टुलाकडं बघून म्हणाला, "अन् टेपात हाय ती?"

"तिचा निकाल लागला न्हाय अजून. बाबाचं मेंढरू दुसऱ्या बाजूला हाय."

"मग लावा."

"लावीन."

"कवा? राघवांनी कडबा ठेवल्यावर?" असं म्हणून तो उठला आणि फडक्याखाली हात घालायला लागला. "आना हिकडं, मी काडतो अन् ओढतो. पाच मिन्टाचं काम."

मी त्याचं मनगट धरलं. "हात लावशील तर हातच ओढीन शाळवात. ह्या बांधापासनं त्या बांधापतोर."

सून दारात तोंडाला पदर लावून हसायला लागली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं. मेव्हणा मनगट चोळत म्हणाला, "दाजी, एवढ्यासाठी अडलंय व्हय? ती कॅसेट मी ऐकलीय. मेंढराचं शेवटाला काय हुतंय ते सांगू का?"

"तोंड उघडू नकोस!"

"न्हाय, एका शब्दात सांगतो."

"पाव्हनं, तुमी बहिनीचं भाऊ म्हनून च्या दिलाय. कप ठेवा अन् गाडीला किक मारा."

तो गेला. पण जाताना सेल ठेवून गेला, आणि अंगणातून ओरडला, "शेवटपतोर ऐका मात्र! आक्काचा कायदा हाय!" जसा काही मी कायदा विसरणार होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रानात जाऊन आलो. विहिरीजवळच्या पट्ट्यातली कणसं बघितली. ज्या रानात तिनं शेवटचं पाणी दिलं तोच पट्टा. कणसं अशी दिसत होती की कुणी कंगव्यानं दाणे काढून नेलेत. तिनं पाणी दिलं आणि राघूंनी खाल्लं, हे काही मला बरं वाटलं नाही. घरी आलो, फडकं काढलं, सेल घातले आणि सुपात शेंगा घेऊन बसलो.

सून म्हणाली, "मामा, मी बसू का ऐकायला?"

"बस. पन मधनं उठायचं न्हाय."

"भाजी चुलीवर हाय."

"मग भाजी उतर अन् ये."

ती उतरून आली आणि सुपाच्या पलीकडं बसली. मी कॅसेट उलटी केली आणि बटन दाबलं.

बाबा होता तिथंच होता. आऽऽ. पण आता आवाज जरा दमलेला. बरंच हिंडला असणार. सून जन्मानं बारामतीची, स्टँडच्या मागच्या आळीतली. थोडं ऐकून ती म्हणाली, "मामा, ह्यांची एस्टी चुकलीय का?"

"एस्टी न्हाय. मेंढरू हरवलंय."

"एस्टी चुकल्यावर मानसं अशीच करत्यात. शेवटची गाडी असंल."

"गप ऐक."

मग तबला जोरात आला आणि बाबा पळायला लागला. आवाज असा भराभर वर खाली, वर खाली, जसा माणूस ढेकळातनं पळतोय. मला बसवेना. मी टेपला सांगायला लागलो, "खाली बघ की लेका, बाभळीखाली बघ. कालव्याच्या कडंला बघ, कालव्याला पानी हाय आज." सून माझ्याकडं बघायची, टेपकडं बघायची, आणि शेंगा तशाच हातात. बाबा अजून जोरात. आता शब्दबिब्द काही नाहीत, नुसता दम आणि पाय. मला कळलं, त्याला दिसलं. लांबून दिसलं की माणूस असाच सुटतो, चप्पल राहते मागं.

"दिसलं!" मी म्हणालो. "दिसलं त्याला!"

"कुठं?" सून उठून उभी राहिली. कायदा मोडला, पण मी काही म्हणालो नाही.

आणि खट्.

रीळ संपली होती. बारामतीच्या त्या भरून देणाऱ्यानं बाबाला जेवढा मावेल तेवढा भरला होता, आणि उरलेला बाहेर ठेवला होता. बाबाचा मेंढराकडं पुढं केलेला हात तसाच राहिला. मी टेप थोपटला. कॅसेट काढली, पेन घालून फीत फिरवून बघितली, पुढं काहीच नाही. राग येऊन कॅसेट उलटी करून लावली तर बाबा परत पहिल्यापासून बांधावर उभा, परत बारीक आऽऽ. म्हणजे उलटी केली की मेंढरू परत हरवतं. जन्मभर असंच.

मेव्हणा हेच एका शब्दात सांगणार होता.

मला हसायला आलं. खरं सांगतो, आधी हसायलाच आलं. ती असती तर त्या भरून देणाऱ्याला बारामतीच्या स्टँडवर गाठून विचारलं असतं, "भाऊ, मेंढरू कुठं ठेवलंस?" तिनं सोडलाच नसता त्याला. मग माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, तर सून म्हणाली, "मामा, चटनीचं तिखट डोळ्याला लागलं का?" शेंगांना कुठलं आलंय तिखट. पण मी व्हय म्हणालो.

तिनं विचारलं, "मग निकाल काय?"

"निकाल लागत न्हाय. कॅसेट पुरी झाली न्हाय. पुरी झाल्याबिगर निकाल न्हाय."

"पेटीत बी न्हाय?"

"न्हाय."

"अन् शाळवात बी न्हाय?"

"न्हाय. टेपातच ऱ्हाऊ दे."

"मग राघवांचं काय करायचं?" असं म्हणून तिनं शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली. तिचंही बरोबर होतं. राघूंना निकालाचं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं आणि चहा न घेता रानात गेलो. दव होतं. उसाच्या बैलगाड्या रस्त्यानं चालल्या होत्या. विहिरीच्या काठावरच्या दगडावर चढलो. राघू आलेच होते, हिरवेगार, कणसाला उलटे लोंबकळून खात होते. माझ्याकडं एकानंही मान वर केली नाही. गोफण नाही, डबा नाही, फीत नाही, एक म्हातारा दगडावर उभा आहे, त्याला काय भ्यायचं?

मी घसा खाकरला आणि आऽऽ केलं. पहिली बारीक. बांधावरची. एका राघूनं खाणं थांबवलं. मग लांबची केली, टेकाडावरची. मेंढरं विकल्यापासून तसली हाक मारली नव्हती, पण घसा विसरला नव्हता. मग ओढ्यातली, पोटातनं. सगळा थवा एकदम उठला, फडफड करत शेजाऱ्याच्या रानावरून पार कालव्याकडं गेला. बैलगाडीवाल्यानं बैल थांबवले. म्हातारं कुत्रं पळत येऊन माझ्या शेजारी बसलं आणि मान वर करून त्यानंही लावलं. मी थांबलो नाही. मावेल तेवढी ओढली.

सून घरातनं पळत आली. पायात चप्पल नाही, हाताला पीठ.

"मामा! काय हरवलं?"

"काय न्हाय. पाखरं हाकतोय. भाकरी झाली का बघ."